येते हं

आमच्या मिठूची पिसं पुन्हा वाढली आहेत. काल तो पिंजऱ्यातून सुटला आणि थेट पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला. तेव्हापासून बाबांचा एकच धोशा, "पंख काप त्याचे. उडून गेला तर?"

गेला तर काय जाईल, हे आम्ही दोघंही बोलत नाही. घराबाहेर पडताना "जाते" म्हणू नये, "येते" म्हणावं, हा आईचा नेम. दवाखान्यात निघतानाही ती दारातून "येते हं" म्हणाली होती. ती आली नाही. ते दोन शब्द मात्र मिठूच्या गळ्यात राहिले, तिच्याच आवाजात, त्या "हं"वरच्या हेलासकट.

आज सकाळी मी त्याला टॉवेलात धरून पंख उलगडला. केवढा मोठा होता तो! हिरव्याच्या आतल्या बाजूला पिवळसर छटा होती, ती मी कधी पाहिलीच नव्हती. कात्री टेकवली तर मुठीत त्याचं काळीज धडधडत होतं. असा डांबून ठेवलेला आवाज आईचा म्हणायचा का?

इतक्यात तो म्हणाला, "येते हं."

बाबांनी पेपरातून मानही वर केली नाही. सवयीनं म्हणाले, "लवकर ये गं."

मग पेपर हळूच खाली आला. टॉवेल माझ्या हातून कधी सुटला, कळलं नाही. आम्ही दोघंही दाराकडे बघत होतो.