बसल्याजागी सहा फूट

धर्मेश रिक्षात बसला की सहा फुटी वाटायचा. रुंद खांदे, लांब मान, आरशात जेमतेम मावणारं डोकं. खाली उतरला की आमच्या खांद्याला लागायचा. देवाने धड एकाचं लावलं आणि पाय दुसऱ्याचे, असं आम्ही स्टँडवर म्हणायचो आणि तोही आमच्यात हसायचा. २०१६च्या दिवाळीपर्यंत हसायचा. मग निलम आली.

तो किनाऱ्यावरच्या आगर गावचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. आमच्याकडे ओहोटीला होडी लांब उभी असते, तिथवर पाण्यातून चालत जावं लागतं. भावांच्या कमरेला लागणारं पाणी धर्मेशच्या छातीला लागायचं, आणि भाऊच ते, टोमणे मारल्याशिवाय कसे राहतील? एक दिवस त्याने समुद्रालाच रामराम केला आणि डहाणू रोड स्टेशनबाहेर माझ्या मागे रिक्षा लावली.

निलम झाई गावची. डहाणूत मावशीकडे राहायची आणि कोसबाडला बालवाडीत शिकवायची. चालायला लागली की उंच, सरळ, सुरूच्या झाडासारखी. ती पहिल्या दिवशी मागच्या सीटवर बसली, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "उंच माणसाला रिक्षात त्रास होत असेल, नाही?" झालं. त्या दिवसापासून आमचा गडी ती दिसली की रिक्षातून उतरेना.

स्टँडवर रांग पुढे सरकली की आम्ही इंजिन चालू करत नाही, उतरून हाताने रिक्षा ढकलतो. हा आत राजासारखा बसलेला आणि मी माझी ढकलून त्याचीही ढकलतोय, असं दोन वर्षं चाललं. मी शिव्या घालायचो, पण ढकलायचो. तो समोर बघत नुसता गालात हसायचा.

खरं सांगू का, त्याचं ते हसू बघायला मला आवडायचं. कोसबाडचा रस्ता सकाळी झोपेतच असतो. दोन्हीकडे चिकूच्या वाड्या, खाली गार सावली, पिकल्या फळांचा गोडसर वास. धर्मेश तिथे वेग कमी करायचा. आरशात तिचे डोळे, तिला याचे खांदे, आणि मध्ये वारा. काय बोलायचे? पाऊस, बालवाडीतली पोरं, बोंबलाचा भाव. एकदा ती म्हणाली, या रस्त्याला शेवट नसता तर बरं झालं असतं. ते वाक्य त्याने मला इतक्यांदा ऐकवलं की मला पाठ झालं. आणखी एकदा तिने विचारलं, घरी कोण कोण असतं? असं पोरगी कधी विचारते, हे त्यालाही कळत होतं.

तेव्हापासून त्याला एकच स्वप्न पडायला लागलं. तो समुद्रात चालतोय, होडी मागे राहते, आगर मागे राहतं, आणि पाणी गुडघ्याच्या वर चढतच नाही. मासे पोटऱ्यांना घासून जातात. पार आभाळ टेकतं तिथपर्यंत तो चालत जातो आणि तिथे ती उभी असते, त्याच्या खांद्याएवढी. दुपारी सुरूच्या सावलीत रिक्षा लावून तो हे सांगायचा, आणि ऐकता ऐकता माझ्याही पायांना ते कोमट पाणी लागायचं.

स्वप्न होतं तोवर ठीक होतं. मग त्याने मोबाइलवर पाय लांब करायचं ऑपरेशन पाहिलं. रेल्वेच्या नव्या मार्गात त्याच्या वाट्याची जमीन गेली होती, तिचे पैसे होतेच. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, या पठ्ठ्याने अंथरूण विकून पायच लांब करायचं ठरवलं.

मुंबईला मी सोबत गेलो, डॉक्टर हाकलून देतील या आशेवर. त्यांनी त्याला स्टुलावर बसवून मापलं, उभं करून मापलं, हात पसरायला लावून बोटापासून बोटापर्यंत मापलं. म्हणाले, बरेच जण येतात, त्यांना मी परत पाठवतो. पाय वाढले की त्यांचे हात तोकडे दिसतात, माणूस चिमट्यासारखा दिसतो. मग धर्मेशकडे बघून म्हणाले, "तुमचं धड आणि हात उंच माणसाचे आहेत. पाय तेवढे मागे राहिलेत. तुम्हाला हे शोभेल."

हाकलून द्यायचं बाजूलाच राहिलं, ते समजावायला लागले. नडगीचं हाड कापायचं, दिवसाला मिलिमीटरभर ताणायचं, मधल्या फटीत नवं हाड आपोआप धरतं. तीन इंचांच्या वर नाही, नाहीतर गुडघा भलत्याच ठिकाणी दिसतो. वर्ष जाईल, दुखेल, पुन्हा उकिडवं बसता येईलच असं नाही. हे सगळं डॉक्टरांनी नीट सांगितलं, पण धर्मेशने ऐकलं फक्त एक वाक्य. परतीच्या वाटेवर तो डोळे मिटून होता. पाय वाढत होते त्याचे, तिथेच बसल्या बसल्या.

मग हे त्याच्या आईला, जमुनाबाईला कळलं. लहानपणी तिने ते पाय तेल लावून लावून रगडले होते. रात्री जेवायला वाढताना ती त्याच्या पायांकडे बघायची आणि उठून आत जायची. मला त्या बाईचं फार वाईट वाटायचं.

दाखल व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी, स्टँडवर माणसं यायच्या आधीच, मी त्याच्या रिक्षात पुढे, त्याच्या शेजारी चेपून बसलो. निलमला काय सांगणार, विचारलं. म्हणाला, मुंबईला वर्षभराची नोकरी लागली म्हणून सांगतो. माझं डोकं फिरलं. म्हटलं, जिच्यासाठी हाडं कापून घेतोस तिला एकदा खरा दिसून जा, मग काय कापायचं ते काप. तेवढ्यात निलम आणि कोसबाडला जाणारी बाकीची माणसं मागे येऊन बसली, आणि त्याने रिक्षा काढली.

कोसबाडच्या चढाच्या पायथ्याशी बाकीचे उतरले, निलमही उतरली. धर्मेशने तिला हाक मारली, हँडल सोडलं आणि खाली उतरला. तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिच्या हनुवटीलाही तो पुरत नव्हता.

तिने चेहऱ्याकडे बघितलंच नाही. ती त्याच्या पायांकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, मीच घात केला.

धर्मेशने आपल्या पायांकडे बोट केलं. "बघितलंत ना," तो म्हणाला. "म्हणूनच ऑपरेशनला चाललोय. वर्षभराने येतो, नीट होऊन."

"तुम्हाला उभं राहता येतं?" ती म्हणाली.

त्याला काही कळलं नाही. मलाही नाही.

"स्टँडवर सगळे उतरतात, तुम्ही कधीच नाही. तुमची गाडी दुसरा माणूस ढकलतो." तिने पदराने डोळे पुसले, पण ते थांबेनात. "मी विचारलं नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. घरी सांगून टाकलं, त्याला पायाने चालता येत नाही, तरी मी त्याच्याशीच लग्न करणार. सहा महिने झाले. परवाच बाबा हो म्हणाले."

धर्मेश तसाच उभा होता, हात लोंबत, लहान पोरासारखा.

"चला ना थोडं," ती म्हणाली. "मला बघायचंय."

मग तो चालायला लागला. पहिली काही पावलं अडखळत टाकली, मग नीट. ती त्याच्या बाजूने, पायांवरची नजर न काढता. कोसबाडचा चढ दोघं मिळून चढून गेले. परतीची माणसं येऊन रिक्षात बसली, आणि त्यांना घेऊन मी डहाणूला आलो.