उलटे आटे

खेमा राठोड सायकलीचे सुटे भाग बनवायचा. त्याला सायकल चालवता येत नव्हती. मालकालाही येत नव्हती. मालक इंद्रभानजी दीडशे एकरांचे धनी. सायकलीवर बसणं त्यांना हलकं वाटे, आणि सायकलीला ते जड गेले असते.

तरी वाशीमला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचा सायकल पार्ट्सचा कारखाना होता. पत्र्याची एक लांब शेड, ऑइल इंजिन, लेथ आणि आठ माणसं. कॅरियर आणि स्टँड बनायचे. ते अकोल्याला जायचे. तिथे गेल्यावर त्यांचं काय होतं, याची चौकशी कोणी करत नसे.

ही गोष्ट १९५५ सालची. मी मराठी साहित्य घेऊन नागपूरहून बी.ए. होऊन आलो होतो. इंग्रजीत मला छत्तीस गुण होते. ते मी गावात कोणाला सांगितले नव्हते. नोकरी नव्हती. खेमा माझ्यासोबत चौथीपर्यंत शिकलेला. म्हणून मी रोज त्याच्याजवळ रॉकेलच्या उपड्या डब्यावर बसायचो.

त्याचं काम असं. सळई कापायची, कानसीनं टोक गोल करायचं, शिकंज्यात धरायची आणि डाय, म्हणजे आतून दातेरी कडं, फिरवून तिच्यावर आटे पाडायचे. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, मग थेंबभर तेल. संध्याकाळी त्याच्या हाताला हात लावला तर कानस लागल्यासारखं वाटे.

"जगद्या, तू सोळा वर्सं काय शिकला?" तो विचारायचा.

"अलंकार."

"सोन्याचे?"

"शब्दांचे. उपमा, रूपक."

"त्यानं नट बसते का?"

नट बसत नव्हता.

खेमाची नजर लेथवर होती. लेथवर पूर्वी धरमसिंग मिस्तरी होता. खेमा दोन वर्षं त्याच्या हाताखाली पट्टा चढवत, तेल घालत उभा होता. इंद्रभानजी लेथला देवी मानत. दर शुक्रवारी हळदकुंकू वाहत. धरमसिंग सोमवारपर्यंत रॉकेलनं ते धूत बसे. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला मालकांनी लेथच्या गुळगुळीत पोलादी पाटावरच नारळ ठेवून घणानं फोडला. पाटाला टवका गेला. धरमसिंगानं टवक्यावरून बोट फिरवलं, टोपी घातली आणि दुपारच्या गाडीनं निघून गेला. तेव्हापासून लेथवर लाल कापड होतं. कोणी हात लावायचा नाही, अशी आज्ञा होती.

"मले देऊन पाहा, मालक," खेमा म्हणायचा.

"तांड्यावरच्या मानसाच्या हाती लेथ देऊ? उद्या तू तिच्यावर खडी फोडशीन."

खेमाचा तांडा शेलूबाजारच्या वाटेवर, दोन कोसांवर. दिवाळी झाली की सगळा तांडा रस्त्यांच्या खडीवर जायचा. खेमाचा बाप खडी फोडता फोडता एका डोळ्यानं गेला होता. खेमाला तिकडे जायचं नव्हतं.

अशात अकोल्याहून एका व्यापाऱ्याचा कागद आला. विलायती पायडलं मिळेनाशी झाली होती. नमुन्याला चोवीस जोड्या हव्या होत्या. पसंत पडल्या तर कायमचं गिऱ्हाईक. इंद्रभानजींनी सगळ्यांना उभं केलं.

"पायडलं पास झाली तं कारखाना चालन. नाई झाली तं दिवाळीनंतर कुलूप. वावरातला कापूस बरा, तो बोलत तरी नाई."

कागदावर पायडलच्या दांड्याचं चित्र होतं, लांबीजाडीचे आकडे होते आणि खाली इंग्रजीत दोन ओळी. त्या वाचायला कागद माझ्याकडे आला. उजव्या पायडलला उजव्या हाताचे आटे, डाव्याला डाव्या हाताचे आटे, असं काहीसं लिहिलं होतं. मला ते समजलं नाही. पण आठ माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"उजव्या पायडलचे आटे उजव्या हातानं पाडायचे," मी म्हणालो. "डाव्याचे डाव्या हातानं."

"काहून?" खेमा म्हणाला.

"विलायतेत प्रत्येक गोष्टीची शिस्त असते."

"मंग ते शेंबूडही नाकपुडी पाहून हात बदलत असतीन."

"लिहेल हाये नं?" इंद्रभानजी म्हणाले. "मंग तसंच करा. गिऱ्हाइकाच्या कागदाबाहेर जायचं नाई."

उजवी चोवीस पायडलं पाच दिवसांत झाली. मग डावी आली. उजवा हात सवयीनं मध्ये यायचा, म्हणून खेमानं तो पटक्यानं पाठीशी बांधून घेतला आणि एकट्या डाव्या हातानं डाय फिरवायला लागला. पहिले सहा दांडे वाकडे गेले. सातवा जरा बरा आला. डावा तळहात फुटला. त्यानं त्यावर हळद दाबली आणि पुन्हा फिरवायला लागला.

दुपारी त्याची बायको रुपाबाई भाकर घेऊन आली. दारातच थबकली.

"हात कोनं बांधला? चोरी केली का?"

"विलायती पद्धत हाये."

"मंग जेवते कोन्या हातानं विलायत?"

"जगद्याले विचार. तो शिकेल हाये."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तेलाचा डबा सरकवला, उगाच.

बारा दिवस लागले. शेवटचा दांडा इतका सरळ आला की मी थक्क झालो. माणूस बारा दिवसांत दुसरा हात कमावू शकतो, हे मला कोणत्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं. दांडे तपासायला भंगारातून आणलेली एक क्रँक होती, पायडल जिच्यात पिळून बसवतात ती. सगळे दांडे तिच्यात झकास बसले. ती उजव्या बाजूची क्रँक होती. हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

व्यापाऱ्याचा माणूस, लखीराम, दुपारच्या गाडीनं आला. सोबत स्वतःची सायकल. त्यानं शेडमध्येच सायकल उलटी केली आणि तिची पायडलं काढली. आमचं उजवं पायडल लावलं. बसलं. डावं लावलं. बसेना. त्यानं फुंकर मारून पुन्हा लावलं. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं.

"इंद्रभानजी, ये क्या बनाया?"

"तुमच्या कागदात होतं तेच."

"डाव्या हाताचे म्हंजे उलटे आटे हो! डाव्याले तेच लागतात. सीधे पाडले तं चालवता चालवता पायडल खुलन अन् मानूस नालीत."

"डाव्या हातानंच पाडले, साहेब," खेमा म्हणाला. त्यानं तळहात पुढे केला. "चोवीसच्या चोवीस. उजवा बांधून ठेवला होता."

लखीराम माझ्या डब्यावर बसला. त्याला हसू आवरेना. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाकी कोणी हसलं नाही.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "मीच तसं वाचलं."

इंद्रभानजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी खिशातून कुलपाची किल्ली काढली.

"बांधा सगळं. खेमा, तुहा तांडा कधी निंगते?"

"गुरुवारी."

"मंग तूही जाय."

खेमा ऐकत नव्हता. "उलटे आटे," तो स्वतःशी म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "गाढवा, उलटे आटे म्हनाला असता तं मले समजलं असतं." आणि सरळ लेथकडे जाऊन त्यानं लाल कापड ओढलं.

"हात नको लावू! त्याले मिस्तरी लागते!"

"मिस्तरी तुमच्या नारळानं पळाला, मालक."

त्यानं रॉकेलच्या बोळ्यानं कुंकू पुसलं आणि काम करता करता लखीरामला सांगायला लागला. लेथच्या डाव्या अंगाला दातेरी चाकं असतात. त्यांच्या जोरावर हत्यार सरकतं, म्हणून आटे पडतात. एकदा धरमसिंगानं भांगेच्या तारेत मध्ये एक चाक जास्तीचं बसवलं. हत्यार उलट्या दिशेनं चालायला लागलं. धरमसिंग अर्धा तास लेथला आईबहिणीवरून शिव्या देत होता.

"त्यानं ते चाक काढून फेकलं," खेमा म्हणाला. "मी उचलून ठेवलं होतं."

फळीमागून त्यानं चाक काढलं. तळहाताएवढं, कडेला गंजलेलं. ते मध्ये बसवलं. इंजिन सुरू केलं. पट्टा चढवला. लखीरामनं घड्याळ पाहिलं. त्याच्या गाडीला दीड तास होता.

इंद्रभानजी हात जोडून उभे होते. देवीला की खेमाला, ते कळत नव्हतं.

हत्यार दांड्याला टेकलं आणि उलटं चालायला लागलं, आतून बाहेर. लोखंडाची बारीक तार निघाली. खेमानं हत्यार मागे घेतलं, पुन्हा टेकवलं. सहा वेळा. त्याचा फुटलेला डावा हात मुठीवर होता आणि जराही हलत नव्हता.

दांडा गरम होता. लखीरामनं रुमालात धरून तो डाव्या क्रँकला लावला. उलटा फिरवला. दांडा आत गेला, शेवटपर्यंत. रबरं चढवून त्यानं सायकल बाहेर काढली, स्टेशनपर्यंत दोन चकरा मारल्या आणि परत आला. पायडल जागेवर होतं.

"चोवीस डावी नवी द्या. पंधरा दिवसांत," तो म्हणाला. "मंग मोठी ऑर्डर."

इंद्रभानजींचा चेहरा उजळला. "पंधरा कायले, दहा दिवसांत देतो. उद्याच खामगावहून चांगला मिस्तरी बलावतो."

खेमानं इंजिन बंद केलं. पाना घेतला, मधलं चाक सोडवलं, फडक्यानं पुसलं आणि बंडीच्या खिशात टाकलं. बंडी एका बाजूला लोंबली.

"ते कुठी नेते?"

"तांड्यावर. खामगाववाल्याले दुसरं सापडन."

"चोर हाये का तू?"

"नाई. मिस्तरी हाये. तुमी तसं म्हना, लगेच लावतो."

लखीराम सायकलीच्या सीटवर कोपर टेकून मजा पाहत होता. "इंद्रभानजी, गाडीचा टाइम होऊन राह्यला. काय कळवू सेठले?"

इंद्रभानजींनी छताकडे पाहिलं. मग काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाई आलं, मालक. इंजिन कानात बसते."

"मिस्तरी!" इंद्रभानजी ओरडले. "लाव ते चाक, मिस्तरी!"

खेमानं चाक लावलं.

गुरुवारी तांडा खडीवर निघाला. खेमा आणि रुपाबाई त्यांना शिवेपर्यंत पोचवायला गेले, आणि इंजिन सुरू व्हायच्या आत खेमा शेडमध्ये परत आला होता.