साडूंचे गोलखांब

नावावर काही नसताना मालकाच्या रुबाबात वावरणारा माणूस बघायचा असेल, तर आमच्या थोरल्या साडूंना बघावं. विजेच्या खांबांवर चढण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्तीनंतर ते खांब सुटले, पण खांबांचा नाद काही सुटला नाही. नळदुर्गात गावानं फुटबॉल क्लब काढला, तेव्हा साडूंनी आपल्या आटलेल्या बोअरचे पाईप दिले आणि त्यांचे गोलखांब झाले. एकाच बाजूचे, दुसरीकडे बाभळीचे दांडके. सामन्याआधी साडू आपले खांब तेलाच्या फडक्यानं पुसायचे, उन्हात तापले तर ओलं पोतं गुंडाळायचे, आणि सामना सुरू झाला की तिथंच ठाण मांडायचे. पूर्वार्ध बरा जायचा. उत्तरार्धात बाजू बदलल्या की आमचीच पोरं त्या गोलावर चाल करून यायची, आणि साडू समोरच्या संघाच्या गोलकीपरला ओरडून सावध करायचे, "आरं डावीकडं बघ, डावीकडं!" एकदा मी चिडून जाब विचारला, तर शांतपणे म्हणाले, "साडूभाऊ, टीम आपली हाय, मान्य. पर खांब माझे हायत!"

आमचा क्लब कुणा एकाचा नाही. माळ सपाट करताना ज्यानं सलग आठ दिवस मुरमाची घमेली वाहिली, तो मालक, आणि त्याला एक मत. भजीवाला, गुरुजी, द्राक्षबागायतदार, सगळे सारखेच. (मी त्या आठ दिवसांत सावलीत उभा राहून फोटो काढले.) खेळाडू बदलायचा तरी सगळ्यांचे हात वर करून मोजतात, आणि तोवर सामना संपतो. पण या कारभाराची साडूंना भारी ऐट. भाजीवालीलासुद्धा "आम्ही मालक लोक" असं ऐकवायचे.

मागच्या वर्षी हायवेवरचा एक ढाबेवाला आला. क्लब माझ्या नावावर करा, म्हणाला. बूट देतो, जर्सी देतो, दिवे लावतो. फक्त सामना नसेल तेव्हा मैदानात ट्रक उभे राहतील. निम्मं गाव बुटांवर भाळलं. साडूंची झोपच उडाली. आठवडाभर त्यांनी घरोघरी फिरून लोकांचा चहा संपवला आणि डोकंही खाल्लं. रविवारी मैदानावर हात मोजायला क्लबाचे सेक्रेटरी, म्हणजे आमचे शिंपीकाका, या वेळी पहिल्यांदाच मालकांची यादी घेऊन उभे राहिले. विरोधात सगळ्यात उंच हात साडूंचा.

"तुमी हात खाली घ्या," शिंपीकाका म्हणाले. "यादीत तुमचं नाव न्हाय."

"खांब कुणाचे हायत?"

"खांब तुमचे. घमेलं अक्कांनी उचललं."

खरंच होतं ते. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूंची पत्नी. त्या आठ दिवसांत साडू पाईप कापून घेण्यात दंग होते, आणि अक्का मुकाट घमेली वाहत होत्या. मी तर त्यांचे फोटोही काढले होते, आणि सगळ्यांसारखा विसरलो होतो. साडूंचा हात वजा केल्यावर मतं बरोबरीत आली.

साडू घराकडे पळाले. घर मैदानामागंच, म्हणून मीही मागोमाग गेलो. अक्का भाकरी थापत होत्या. "चल, तुझं मत हाय म्हणं," एवढंच साडू बोलले. वाटेत मी त्यांच्या कानाशी लागलो, "सांगा की त्यांना, कुठं हात वर करायचा ते." साडू कळवळून पुटपुटले, "गप बसा वो. म्या सांगितलं की ती मुद्दाम उलटं करती." सगळ्या गावाचे कान किटवणारा माणूस बायकोबरोबर ती शंभर पावलं तोंड दाबून चालला.

ढाबेवाल्यानं अक्कांना सगळं पुन्हा समजावून सांगितलं. अक्कांनी एकच विचारलं, "ट्रकची चाकं ह्याच मुरमावरनं जाणार?"

"जातील की."

"त्यो मुरूम म्या डोक्यावरनं आणलाय." आणि पिठानं भरलेला हात विरोधात वर झाला. साडूंनी भर मैदानात उडी मारली. मला आजही तो प्रसंग आठवला की हसू येतं आणि डोळेही भरतात.

आता दर सामन्याला साडू घरून खुर्ची आणतात. खुर्चीवर अक्का बसतात, साडू शेजारी उभे. परवा मी गेलो होतो, तेव्हा उत्तरार्धात आमच्या पोरांनी त्या खांबांमधून बॉल आत घातला. सवयीनं साडूंचा चेहरा पडला. मग त्यांनी हळूच अक्कांकडे बघितलं. त्या टाळ्या वाजवत होत्या. साडूंनीही दोन वाजवल्या आणि मला म्हणाले, "मालकीण खूश हाय. मग खांबाचं काय एवढं!"

माझी बदली येडशीला झालीय. दर रविवारी जाणं होत नाही. संध्याकाळी इकडे चहा घेताना तिथं सामना सुरू झाला असेल, असं मनात येतं, आणि वाटतं, त्या आठ दिवसांत फोटो काढायचं सोडून मीही घमेलं उचलायला हवं होतं.