फिलोमावशीचा सिनेमा

नाताळच्या दुपारी वसईतल्या आमच्या घरी दरवर्षीचा इंग्रजी सिनेमा लागला आणि माझ्या मुलीने प्रथमच मराठी सबटायटल सुरू केले. माझ्या फिलोमावशीला इंग्रजी येत नाही, तरी आम्ही लहान असल्यापासून सिनेमा चालू असताना त्याची गोष्ट आम्हाला तीच सांगते: बर्फातल्या घरात एक म्हातारा मुलाच्या पत्राची वाट पाहतो. सबटायटलमध्ये तो घर विकत होता.

“आजी, तू तर थापाडी निघालीस!” मुलगी हसली.

“त्याच्या तोंडावरून तसंच वाटायचं गं,” मावशी ओशाळून म्हणाली.

इतकी वर्षं त्या परक्या ओठांवर तिचे शब्द बिनचूक बसले होते. आमचं रडूही कधी चुकीच्या जागी आलं नव्हतं.

मुलीने सबटायटल बंद केले. “सांग ना आजी, पुढे?”

मावशीने घसा खाकरला. पाचच्या सुमारास म्हाताऱ्याला मुलाचं पत्र मिळालं.