शिंपल्याचा जुना लाईट

माझ्या स्वयंपाकघरात एकच ट्यूबलाइट आहे आणि ती दारावर, म्हणजे ओट्यापाशी उभं राहिलं की नेमकी माझ्या पाठीमागे. दिवेलागण झाली की मी माझ्याच सावलीत भाजी चिरते, माझ्याच सावलीत पोळ्या लाटते. ओट्यावर एक लाईट लावून द्या, एवढंच मी आमच्या यांच्याकडे मागत आले. हे म्हणजे माझे यजमान. परतूरला कचेरीत नोकरी, पण हाताला सगळी कामं येतात. पंखा उतरवून दुरुस्त करतील, नळाचा वायसर बदलतील. माझ्या लाईटचं मात्र, "रविवारी बघू." रविवार येत राहिले.

आणि याच घरात, भिंतीपलीकडे बैठकीत, एका शिंपल्यासाठी काय काय चाललं होतं ते मी उघड्या डोळ्यांनी पाहत होते.

समुद्र आमच्यापासून कुठच्या कुठे. तरी आमच्या बैठकीत काचेच्या टाकीत मीठ कालवून केलेला समुद्र आहे. त्यात पोवळ्याचे खडक आणि थोडे रंगीत मासे. तिथवर माझं काही म्हणणं नव्हतं, हौसेला मोल नसतं. मासे बिचारे टाकलं ते खातात आणि आपापले फिरतात. पण घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसा एक दिवस पार्सलने तो शिंपला आला.

माझं माहेर तीर्थपुरीकडचं. गोदावरीच्या वाळूत आम्ही शिंपल्या वेचायचो, दगडावर घासून भोक पाडायचो आणि त्यानं कैऱ्या सोलायचो. शिंपल्याची तेवढीच किंमत मला ठाऊक. हा मात्र वेगळा होता. उघडला की आतून मखमलीसारखी मांसाची झालर बाहेर यायची, निळी, हिरव्या ठिपक्यांची. खोटं कशाला बोलू, देखणा होता. त्याचाच तर मला राग.

"याला खायला लागत न्हाई," यांनी मला सांगितलं. "उजेड हेच त्याचं खाणं. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राह्यतं, ते उजेडावर जगतं अन् याला पोसतं. उजेड कमी पडला तर गेला बघ."

इतकं सविस्तर हे माझ्याशी लग्न ठरतानासुद्धा बोलले नव्हते.

मग सुरू झाली उजेडाची सरबराई. लाईट वर घे, खाली घे. सकाळी एकदम भगभगीत नको, हळूहळू वाढव. नव्या जागी आलाय, डोळे दिपतील. शिंपल्याला डोळे असतात हे मला तेव्हा कळलं. झालरीच्या कडेला बारीक बारीक, सावली पडली तरी ओळखणारे. सावली पडली की तो झटकन मिटतो आणि मिटला की तेवढा वेळ उपाशी. म्हणून आल्यागेल्याला हे आधी बाजूला उभं करायचे. "जरा हिकडं सरका, त्याच्यावर सावली पडून राह्यली." वाटूरहून माझी थोरली जाऊ आली होती, तिलाही तसंच सरकवलं. ती आत येऊन मला म्हणाली, "भावजींनी सवत आणून ठिवली म्हण की घरात." दोघीही हसलो. पण माझं हसणं वरवरचं होतं. पोटात दुखत होतं.

दुखणार नाही तर काय? लाईट गेली की इन्व्हर्टरवर टाकी चालायची. स्वयंपाकघर इन्व्हर्टरवर घेतलं तर टाकीला पुरणार नाही, असा हिशेब. मी मोबाईलची बॅटरी लावून तो पिठाच्या डब्याला टेकवायचे आणि पोळ्या उरकायचे. बैठकीत तो झालर पसरून बसलेला असायचा, आणि हे समोर खुर्ची टाकून. चहा तिथेच न्यायचा, कप मागच्या बाजूने द्यायचा.

मग मीही माझं सुरू केलं. केर काढताना मुद्दाम टाकीवर वाकायचे. पदराची सावली पडली की तो मिटायचा. किती बरं वाटायचं म्हणून सांगू. मिट, बस उपाशी, म्हणायचे मनात. पण काही दिवसांनी तो मिटेनासा झाला. मी वाकतेय, पदर हलवतेय, आणि हा आपला पसरलेलाच. यांनी एकदा ते पाहिलं आणि खूश झाले. "तुला ओळखायला लागला की. सवय झाली त्याला तुझी." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी सवय झाली म्हणजे काय होतं, ते मला चांगलं माहीत होतं. सवय झाली की त्या माणसाकडे कुणी बघत नाही.

त्याच सुमारास कांदा चिरताना माझं बोट कापलं. सुरी कुठं चाललीय ते दिसलंच नाही, सावली होती. चांगलंच खोल गेलं. हळद दाबली, चिंधी बांधली आणि स्वयंपाक पुरा केला. जेवायला वाढलं. चिंधीचा हात यांच्या ताटावरून कितीदा फिरला. हे जेवता जेवता म्हणाले, "त्याची झालर कडेला फाटल्यासारखी दिसून राह्यली ग. एखादा मासा टोचून राह्यला का काय?"

मी म्हणाले, "भात घ्या."

पुढे त्या शिंपल्याने मान वर करावी तशी झालर ताणायला सुरुवात केली. यांच्या तोंडचं पाणी पळालं. उजेड कमी पडला की तो असा ताणतो म्हणे. संभाजीनगरच्या एका मित्राकडून यांनी उजेड मोजायचं यंत्र आणलं. एका वायरच्या टोकाला बटणाएवढी चकती, ती जिथं ठेवाल तिथला उजेड आकड्यात दिसतो. रविवार होता. सकाळपासून हे बाह्या वर करून टाकीत हात घालून बसले. वाळूवर, खडकावर, कोपऱ्यात, सगळीकडे मोजलं. जुन्या लाईटमधले पांढरे दिवे खाऱ्या हवेनं गेले होते, नुसते निळे उरले होते, असा शोध लागला. नवा लाईट मागवायचं ठरलं.

संध्याकाळी मी आतून हाक मारली. "अहो, ते यंत्र जरा इकडं आणा."

यांना वाटलं मला गंमत बघायचीय. आले. मी नेहमीसारखी ओट्याशी उभी राहिले आणि म्हणाले, "पोळपाटावर ठेवा." यांनी चकती ठेवली, आकडा बघितला, यंत्र झटकून पुन्हा बघितला.

"हितं तर काहीच न्हाई," हे म्हणाले. "हितं ठिवला तर चार दिवसांत मरंल तो."

"मी जगून राह्यले की," मी म्हणाले.

हे यंत्राची वायर गुंडाळत बाहेर गेले. मला वाटलं, चला, बाण लागला.

नवा लाईट आला. ऐटदार, रुंद, सूर्योदय-सूर्यास्त करणारा. तो टाकीवर चढला आणि त्याच दिवशी यांनी जुना लाईट माझ्या ओट्यावर टांगला. "घे. तुझं काम झालं. फेकायचा कशाला?"

सवतीचं उतरलेलं लुगडं मला नेसायला दिलं. मी बटण दाबलं आणि सगळं स्वयंपाकघर निळंशार झालं. कोथिंबीर काळी, दूध निळं, टोमॅटो जांभळा. रडावं की हसावं कळेना. पण मी ठरवलं, बंद करायचा नाही. याच लाईटखाली पोहे करायचे आणि यांनाच बोलावून विचारायचं, सांगा, यात जिरं कुठलं आणि मोहरी कुठली.

हळद टाकताना थोडी बोटांना लागली. आणि माझी बोटं पेटल्यासारखी दिसायला लागली. पिवळी-हिरवी, लखलखीत. यांची पोवळी त्या निळ्या उजेडात चमकतात, अगदी तशी. मी चमचा तसाच धरून हात बघत राहिले.

"पोहे झाले का?" म्हणत हे आत आले आणि थबकले. यांची सावली ओट्यावर पडली होती. ती यांना दिसली आणि हे चटकन बाजूला सरकले. पाहुण्यांना सरकवतात ना, तसे स्वतःच सरकले.

"हलू नको," हे म्हणाले. माझा हात धरून यांनी दिव्याखाली नेला, उलटा केला, सुलटा केला. एका बोटावर, जुन्या जखमेच्या भेगेत हळद बसली होती. ती रेघ सगळ्यांत जास्त चमकत होती.

"हे काय झालंय?"

"कापलं होतं."

"कधी?"

"तुमच्या शिंपल्याची झालर फाटली तेव्हा."

यांनी हात सोडला नाही. बाहेर नव्या लाईटचा पहिला सूर्यास्त चालू होता. तो बघायला हे गेले नाहीत.