बुडालेली गाडी आणि आठवे पोहे

कारेगावात कंपनीच्या बसगाड्या जिथं वळतात, तिथून हाकेच्या अंतरावर खंडू शेळकेचं पत्र्याचं शेड आहे. तिथं गाड्या सुट्या करायचं काम चालतं. नवा माणूस आत आला की चक्रावतो. भंगार म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढं गंजलेली, टपावर कोंबड्या बसलेली जीप असते. इथं उभ्या असतात दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या गाड्या. एखादीच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नसतं.

शेडच्या मागच्या भिंतीला एक लांब फळी ठोकली आहे. तिच्यावर बोटभर उंचीचे देव ओळीनं बसलेत. गणपती जास्त, खालोखाल साईबाबा, मग खंडोबा, आणि एका कोपऱ्यात मान हलवणारा नंदी. हे सगळे डॅशबोर्डवरचे. गाडी कापता येते, देव कसा कापायचा? म्हणून पान्हा लावण्याआधी खंडू देव काढतो, पुसतो आणि फळीवर बसवतो. एकशे त्रेचाळीस झाले होते. रोज सकाळी सगळ्यांना मिळून एकच उदबत्ती. "येकेकाला लावायची म्हणलं तर धंदा उदबत्तीतच जायचा," असं त्याचं म्हणणं.

एवढे देव पाठीशी असून खंडूचं लग्न मात्र जमत नव्हतं. वय एकतीस, अंगानं धडधाकट, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. सात ठिकाणचे पोहे खाऊन झाले होते. पोहे चांगले असायचे, मुलगी मान खाली घालून हसायची, बाप खुशीत असायचा. मग कुणीतरी विचारायचं, "पाव्हणं, करता काय?" खंडू सांगायचा, "भंगारच्या गाड्या खोलतो." त्यानंतर चहा यायचा, पण त्यात साखर कमी असायची.

आठव्या खेपेला कोंडिबामामांनी सूत्रं हातात घेतली. मामा दौंडला रेल्वेतून रिटायर झालेले. वेळापत्रकावर आणि स्वतःवर त्यांचा सारखाच विश्वास. वडगाव रासाईच्या बबनरावांची दीक्षा त्यांनी सुचवली. मुलगी बीकॉम झालेली, शिरूरला नोकरीला. फोटो पाहून खंडूनं त्या दिवशी चुकून चांगल्या गाडीचं दार खोललं होतं. हे पोहे वाया गेले तर नववे खायचे नाहीत, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

वाटेत न्हावऱ्याला चहाला थांबले, तेव्हा मामांनी शेवटची सूचना दिली.

"हे बघ खंड्या, भंगार हा शब्द तोंडातनं काढायचा न्हाई. इचारलं तर म्हणायचं, ऑटोमोबाईल लाईनमधी हाय."

"आन् त्याच्या फुडं इचारलं तर?"

"तर मी खोकतो. मी खोकलो की तू गप."

"आन् लग्न झाल्यावर?"

"लग्न झाल्यावर सगळीच खोकत्यात. चल."

इकडं बबनरावांकडंही झाकून ठेवण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते अंगणात उभं होतं.

त्याचं असं झालं. दहा दिवसांपूर्वी धरणातून पाणी सोडल्याचा सांगावा आला. भीमाकाठचा माणूस अशा वेळी आधी नदीतली पाण्याची मोटर काढायला धावतो. बबनरावही धावले. ट्रॅक्टर दुसऱ्या मळ्यात अडकलेला, म्हणून त्यांनी दोन वर्षांची पांढरीशुभ्र चारचाकी थेट नदीच्या उतारावर घातली. मोटर दोरानं गाडीला बांधली आणि ओढून वर काढली. चार जणांनी ती खांद्यावरून मळ्यात नेली, गोणपाटावर नीट बसवली, कोरड्या फडक्यानं पुसली. मग चहा झाला. कप खाली ठेवताना कुणीतरी म्हणालं, "बबनराव, गाडी?"

तोवर भीमामाईनं गाडी टपापर्यंत पदराखाली घेतली होती. बाभळीत अडकली म्हणून, नाहीतर उजनीलाच गेली असती. नऊ वर्षांची मोटर वाचली आणि दोन वर्षांची गाडी दोन दिवस पाण्यात राहिली.

विम्याच्या सर्व्हेअरनं फोनवर बजावलं होतं, "सोमवारी येतो. तोवर गाडीला हात लावू नका." पण पाहुणे यायचे रविवारी. दारात चिखलाचं ढेकूळ दिसलं तर पाहुणे काय म्हणतील? बबनरावांच्या पत्नी विठाबाईंनी शनिवारी गाडी तीनदा धुतली. नारळाच्या शेंडीनं घासली, काचांना चिंच लावली, सीटवर नवे टॉवेल अंथरले, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि आत चंदनाचा धूप लावून काचा बंद केल्या. सोमवारी सकाळी परत चिखल लावायचा असं ठरलं. त्यासाठी नदीचाच गाळ दोन घमेली भरून गोठ्यामागं राखून ठेवला होता. खोटं काहीच नव्हतं. गाडी तीच, चिखलही तोच.

पाहुणे अंगणात उतरले. मामांनी गाडीकडं पाहून मान डोलावली.

"गाडी झकास ठिवलीय, बबनराव."

"मंग! आजच घेतल्यासारखी हाय. येकदम ओक्के," बबनराव म्हणाले आणि पाहुण्यांना लगबगीनं ओसरीवर नेलं.

खंडूची नजर मात्र गाडीच्या दिव्यात अडकली होती. काचेच्या आत, खालच्या कडेला, गाळाची नखाएवढी चंद्रकोर. त्यानं अशा चंद्रकोरी शेकड्यानं पाहिल्या होत्या. गाडी बुडालेली आहे हे त्यानं चप्पल काढायच्या आत ओळखलं. पण तो बोलला नाही, कारण तेवढ्यात दीक्षा पोहे घेऊन बाहेर आली.

तिनं बशी पुढं केली आणि सरळ त्याच्याकडं पाहिलं. खंडूनं बशीऐवजी तिच्या हातातला ट्रेच धरला. दोघंही ट्रे सोडेनात.

"पोरा, पोहे घे, ट्रे त्यांचा हाय," मामा म्हणाले.

पहिला घास तोंडात गेला आणि दारात मोटारसायकल थांबली. हेल्मेट काढत एक गृहस्थ आत आले. "मी सुदर्शन. विम्याचा सर्व्हेअर. उद्या नदीकाठच्या बारा गाड्या आहेत, म्हटलं तुमची आजच उरकू."

बबनराव ताडकन उठले. पाहुण्यांना पाठ करून, आवाज चोरून म्हणाले, "साहेब, पार बुडाली हो."

"काय बुडालं?" मामांनी ओसरीवरून विचारलं.

"काय न्हाई, मामा. बिस्कीट. चहात."

सुदर्शन साहेबांनी गाडीला एक फेरी मारली. दुसरी मारली. दार उघडून वास घेतला.

"बबनराव, हिला पाणी कुठं लागलंय? शोरूममधून आल्यासारखी दिसतेय. वास येतोय, पण देवळातला. मी किरकोळ नुकसान असं लिहितो. सर्व्हिसिंग करून घ्या आणि वापरा."

"साहेब, पाच मिन्टं थांबा," बबनराव काकुळतीला आले. "चिखल आणतो."

"आणता?"

ओसरीवर खंडूचा चमचा हवेत थांबला होता. किरकोळ नुकसान म्हणजे ही गाडी पुन्हा रस्त्यावर येणार. तारांच्या आत शिरलेलं पाणी दिसत नाही, पण ते गप्प बसत नाही. दोन महिन्यांनी, चार महिन्यांनी, भर वेगात दिवे जातील, नाहीतर एअरबॅग उगाच फुटेल. आणि शिरूरला नोकरीला जाताना तीत बसलेली असेल ही समोर उभी असलेली मुलगी. पण बोलावं तर सगळं बाहेर येणार. आठवे पोहेही गेले.

त्यानं बशी खाली ठेवली. मामा खोकले. खंडू उठला. मामा इतक्या जोरात खोकले की विठाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या.

"साहेब," खंडू म्हणाला, "सीटचा पट्टा शेवटपर्यंत वढा."

साहेबांनी पट्टा ओढला. वरचा भाग स्वच्छ, आणि शेवटची वीतभर पट्टी तपकिरी, तिच्यावर वाळलेला गाळ. "पट्टा कुणी पुरा काढून धुवत न्हाई," खंडू म्हणाला. मग त्यानं पायाखालचा गालिचा उचलला. खाली बोटभर ओला चिखल. फ्यूजची पेटी उघडली. पितळेच्या टोकांवर हिरवा गंज. तोपर्यंत खंडू पोहे विसरला होता, मामांना विसरला होता. सात वेळा मान खाली घालून बसलेला माणूस आता गाडीभोवती नाचत होता.

"आन् शेवटी ही जागा," असं म्हणत त्यानं डिकी उघडून स्टेपनीवरचं झाकण उचललं.

आत, जॅकच्या शेजारी, दोन्ही नांग्या वर करून एक टपोरा खेकडा बसला होता.

सुदर्शन साहेब मागच्या मागं उडी मारून बाजेवर चढले. खेकडा आरामात उतरला, रांगोळी तुडवत मामांच्या बुटांपर्यंत गेला आणि तिथं विसावला.

"आगं बया," विठाबाई म्हणाल्या, "ह्यो धुवायचा ऱ्हायलाच की!"

बाजेवरूनच साहेबांनी कागदावर 'पूर्ण नुकसान' असं लिहिलं. मग खंडूला विचारलं, "तुम्हाला हे सगळं कसं माहीत हो?"

मामा खोकायलाही विसरले.

"मी भंगारच्या गाड्या खोलतो," खंडू म्हणाला. "कारेगावला."

बबनराव सावकाश मामांकडं वळले. "मामा, तुम्ही तर ऑटोमोबाईल म्हणला व्हता."

"आन् तुम्ही येकदम ओक्के म्हणला व्हता," मामा म्हणाले.

हिशेब फिटला. तेव्हा दीक्षा पायरी उतरून गाडीपाशी आली.

"दोन वर्षांची गाडी," ती खंडूला म्हणाली. "वाळवून, दुरुस्त करून चालणार नाही? भंगारातच का?"

"चालंल की. पर हिच्या अंगात तारांचं जाळं हाय, चार-पाच कॉम्प्युटर हायेत, एअरबॅगा हायेत. सगळं बदलायचं म्हणलं तर विम्याच्या रकमेच्या पाऊण हिश्श्याच्या वर खर्च जातो. तसं झालं की कंपनी म्हणते, गाडी संपली. जुन्या जीपला तारच न्हवती, म्हणून ती मरत न्हवती."

"म्हणजे गाडी मेलेली नसते. ती जगवणं महाग असतं."

"व्हय," खंडू चकित होऊन म्हणाला. सात ठिकाणी हे एवढ्या थोडक्यात कुणाला कळलं नव्हतं. "आन् अख्ख्या गाडीला गिऱ्हाईक नसलं तरी सुट्या भागांना असतं. दारं हितंच जात्यात, गिअरबॉक्स तर बोटीत बसून परदेशी जातो. आमच्या घरातलं कुणी गेलं न्हाई आजून. काही लोक अशी गाडी वाळवून, पॉलिश करून लांबच्या गिऱ्हाइकाला विकत्यात. मी न्हाई विकत. मी मोडतो."

दीक्षानं गाडीचं दार उघडलं. मग तिनं आत हात घालून डॅशबोर्डवरच्या छोट्या गणपतीकडं बोट केलं.

"आणि याचं काय करता?"

खंडूनं तिला फळीबद्दल सांगितलं. एकशे त्रेचाळीस देव, एक उदबत्ती, मान हलवणारा नंदी. सांगताना त्याचे कान लाल झाले. दीक्षानं गणपती काढला, ओढणीच्या टोकानं पुसला आणि खंडूच्या तळहातावर ठेवला.

"एकशे चव्वेचाळीस," ती म्हणाली. आणि आईकडं वळून, "आई, पोहे गार झालेत. यांना दुसरे आण."

दुसरी बशी खंडूला आजवर कुणी दिली नव्हती. विठाबाईंनी वर खोबरं जरा जास्तच घातलं.

गाडी विम्यात गेली, लिलावात निघाली आणि खंडूनंच ती घेतली. पण लगेच खोलली नाही. वरात हिच्यातनंच काढायची, असा दीक्षाचा हट्ट होता. चाकं फिरेनात, म्हणून गाडी झेंडूच्या माळांसकट ट्रकच्या हौद्यात चढवली, आत नवरा-नवरी बसले. दिवे लागावेत म्हणून खंडूनं तेवढी बॅटरी जोडली.

वडगाव रासाई सोडलं आणि गाडीचा हॉर्न आपोआप सुरू झाला. तो थांबेचना. न्हावरं गेलं, पुढचा फाटा गेला, माणसं हॉटेलांतून बाहेर येऊन हात हलवू लागली, आणि हॉर्न आपला एकसुरात चालूच. मामा ट्रकच्या केबिनमधून डोकं काढून हातवारे करत होते. खोकतही असतील, पण ऐकू कुणाला येणार?

"अहो, बंद करा ना ते!" दीक्षा हसून हसून वाकली होती.

"कुठली तार हाय तेच कळंना!" खंडू ओरडला. "म्हणून तर म्हणलं, हिला मोडायलाच पायजे!"

"मग मोडू की उद्या!" ती ओरडली. "आज वाजू द्या!"