जड बॅटरी

बॅटरीच्या ॲसिडचा आंबूस वास आला की आजही माझं डोकं तापतं. शहात्तर-सत्त्याहत्तर साल असेल. आमच्या जुन्या मोटारीची बॅटरी बसली म्हणून वडिलांबरोबर सांगलीतल्या बॅटरीवाल्या चाचांकडे गेले होते. वडील हळदीचे व्यापारी. पोत्याचं वजन वजा केल्याशिवाय कुणाचा माल घेत नसत. चाचांनी दुरुस्त केलेल्या दोन बॅटऱ्या त्यांनी उचलून पाहिल्या आणि जड ती निवडली. ती स्वस्तही होती. चाचा म्हणाले, "आवं शेठ, वजन पेटीचं हाय. प्लेटी जुन्याच हायत. हलकीत नव्या घातल्यात." मीही तेच म्हटलं, तर वडील माझ्यावरच डाफरले, "तू गप. वजन कवा खोटं बोलत न्हाई." दुसऱ्या दिवशी औंधला यमाईचं दर्शन घेऊन डोंगर उतरलो, तर मोटार चालूच होईना. भर उन्हात नव्या साड्यांचे पदर खोचून आई आणि मी धक्का मारत होतो, आणि वडील स्टिअरिंग धरून पुटपुटत होते, "वजन तर लय हुतं." परवा मी माझ्या गाडीला बॅटरी घ्यायला गेले. दुकानदार वॉरंटी समजावत होता, आणि मी दोन्ही हातांनी बॅटरी उचलून बघत होते.